वाऱ्याने लोळवलेली टोमॅटोची रोपं: वाचतात कोणती, जातात कोणती

महाराष्ट्रात टोमॅटोची लागवड आणि वाऱ्याचे दिवस यांची गाठ चुकता चुकत नाही. जुन्नर-आंबेगाव भागात उन्हाळी लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते आणि टप्प्याटप्प्याने एप्रिल-मेपर्यंत चालते. दुपारी आभाळ भरून येऊन वळवाचा वारा सुटतो तो नेमका याच काळात. नाशिककडे पिंपळगाव बसवंत, दिंडोरीच्या पट्ट्यात खरिपाची रोपं जून-जुलैत शेतात जातात, तेव्हा पावसाळी वारा दिवस दिवस एकाच बाजूने रेटत असतो. साताऱ्याच्या पठारांवर तर पवनचक्क्या उभ्या राहाव्यात इतका वारा आहे. शिवाय कधी कधी वादळंच येतात. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं ‘निसर्ग’ चक्रीवादळ घाट चढून पुणे जिल्ह्यातून नाशिककडे सरकलं. किनाऱ्यावरचा ताशी 110-120 किलोमीटरचा जोर वर उरला नव्हता, तरी मावळ-जुन्नर भागातली पॉलिहाऊस आणि शेडनेट फाटली. तिथे हातभर उंचीच्या रोपांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

अशा रात्रीनंतर सकाळी शेतकरी प्लॉटवर जातो तेव्हा निम्मी रोपं आडवी असतात, काहींच्या माना मोडलेल्या असतात. शेजारी म्हणतो, उपटून टाक. औषधांचा दुकानदार म्हणतो, आजच फवारा घे. घरातली वडीलधारी म्हणतात, दोन दिवस हात लावू नकोस. तिन्ही सल्ले कुठे ना कुठे बरोबर असतात, आणि खरी अडचण तीच आहे. वाऱ्याने रोपं गेली असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात चार निरनिराळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिलं दुखणं मुळाचं. प्रोट्रेमधून आणलेल्या रोपाची मुळं आठवडाभर तरी कोकोपीटच्या त्या लहानशा गड्ड्यातच असतात. भोवतालच्या मातीशी त्यांचं नातं अजून जुळलेलं नसतं. वाऱ्याने शेंडा हलला की तो गड्डा उखळात मुसळ फिरावं तसा खड्ड्यात फिरतो, नव्याने मातीत शिरलेली पांढरी मुळं तुटतात आणि गड्ड्याभोवती पोकळी तयार होते. वरून रोप धडधाकट दिसतं आणि दुपारी मान टाकतं. दुसरं दुखणं खोडाचं: वाकणं, मुरगळणं, पिचणं, तुटणं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत झुलणारं रोप रात्रीच्या एका झोताने मोडतं. तिसरं दुखणं कोरड पडण्याचं. एप्रिलचा गरम वारा पानातून जेवढं पाणी ओढतो तेवढं तुटकी मुळं पुरवू शकत नाहीत आणि पानांच्या कडा करपतात. चौथं दुखणं घासण्याचं. उडणारी वाळू पानांवर बारीक जखमा करते, मल्चिंग पेपरच्या छिद्राची कड खोडाला कापत राहते, आणि या जखमांतून जिवाणूजन्य ठिपके आणि खोडावरचे व्रण यांना वाट मिळते.

यातलं मल्चिंगचं प्रकरण आपल्याकडे कमी बोललं जातं. उन्हाळ्यात पेपर तापतो, खालची गरम वाफारलेली हवा छिद्रातूनच वर येते आणि आडवं पडलेलं खोड त्याच तापलेल्या कडेवर टेकतं. दोन दिवसांनी तिथे तपकिरी पट्टा दिसतो आणि शेतकऱ्याला मर रोग आल्यासारखं वाटतं. मग बुरशीनाशकाची आळवणी होते. खरा उपाय ओंजळभर मातीचा आहे: छिद्रात माती भरून ते बुजवायचं आणि खोड पेपरला टेकणार नाही असं करायचं.

एवढं सगळं होऊनही टोमॅटोबद्दल आशा का धरायची? कारण हे पीक मुळात ताठ उभं राहणारं नव्हेच. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम उतारावरच्या त्याच्या रानटी भाऊबंद जमिनीवर पसरतच वाढतात. काठी, तार आणि सुतळीने त्याला उभं केलं ते माणसाने, आपल्या सोयीसाठी. टोमॅटोच्या खोडावर ओलसर मातीचा स्पर्श होईल तिथे नवी मुळं फुटतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात त्यांना आगंतुक मुळं म्हणतात. जुन्या खोडाच्या बुंध्यावर बारीक पांढरट फोड दिसतात, ती या मुळांचीच सुरुवात. मिरचीकडे ही ताकद फार कमी आहे, म्हणून मिरचीच्या अनुभवावरून टोमॅटोचा निकाल लावू नये. आडवं पडणं हा टोमॅटोला आजार नाही. मूळ हलणं आणि खोडातल्या रसवाहिन्या तुटणं, हे मात्र आजार आहेत.

खोल लावणीचा फायदा नुसता ऐकीव नाही. 1990च्या दशकात फ्लोरिडात झालेल्या चाचण्यांमध्ये रोपं तीन खोलींवर लावून पाहिली होती: गड्डा झाकेल इतकी, बीजपत्रांपर्यंत (बीजातून सगळ्यात आधी येणाऱ्या दोन लांबट पानांपर्यंत) आणि पहिल्या खऱ्या पानापर्यंत. खोल लावलेल्या रोपांनी पहिल्या तोड्याला जास्त माल दिला. आपल्याकडे बरेच मजूर लागवडीच्या घाईत गड्डा जेमतेम झाकतात, आणि वाऱ्यात पहिली उलथतात ती हीच रोपं. कलमी रोपांना मात्र हा नियम लावू नका. कलमाचा जोड मातीत गेला तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि रोगसहनशील खुंटासाठी मोजलेले पैसे पाण्यात जातात.

आता निदान. वारा थांबल्यावर लगेच ओल्या प्लॉटमध्ये शिरू नये. पानं ओली असताना हात आणि कपडे एका रोपाचा रोग दुसऱ्याला देत जातात. पानं सुकली की ओळीतून सावकाश फिरावं आणि एकच गोष्ट पाहावी: खोड कुठे मोडलं आहे. बीजपत्रांच्या खाली खोडाला डोळा नसतो. तुकडा त्याखाली पडला असेल तर उरलेल्या खुंटावर वेळ घालवू नये. बीजपत्रांच्या वर मोडलं असेल तर चित्र पालटतं. प्रत्येक पानाच्या बगलेत एक झोपलेला डोळा असतो आणि शेंड्याचा दाब गेला की तो जागा होतो. दोन-तीन पानं शिल्लक असलेला खुंटही काही दिवसांत बगलफुटी देतो. त्यातली सगळ्यात जोमदार एक, फार तर दोन, ठेवून बाकीच्या खुडाव्यात. अशा रोपाचा पहिला तोडा लांबणार, हे धरूनच चालावं. तुटलेल्या शेंड्याबरोबर पहिल्या फुलांचा घोसही गेलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुरगळलेल्या, पण न तुटलेल्या खोडांबाबत. दुपारी बघितलं तर अशी सगळीच रोपं मेलेली दिसतात. खरी परीक्षा पहाटेची. रात्रभर पानांतून पाणी जाणं मंदावलेलं असतं. मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा धागा शाबूत असेल तर पहाटे पानं ताठ होतात. पहाटे ताठ, दुपारी मलूल, असं रोप जगतं. सलग दोन पहाटे लोंबकळत राहिलेलं रोप सहसा जगत नाही. दोन दिवस हात लावू नकोस हा वडीलधाऱ्यांचा सल्ला एवढ्यापुरता शंभर टक्के खरा. उपटण्याची घाई करू नये.

मातीचं आणि पाण्याचं काम मात्र त्याच दिवशी करायचं. हललेला गड्डा बोटांनी दाबून भोवतीची पोकळी बुजवावी, खोडाला बीजपत्रांपर्यंत किंवा त्याहून वर मातीची भर द्यावी आणि ठिबकने थोडा वेळ पाणी सोडावं. कोकोपीट एकदा कोरडं पडलं की पुन्हा पाणी धरायला कुरकुरतं, म्हणून पाणी त्या गड्ड्यापर्यंत पोहोचलं का हे बोट घालून बघावं. याउलट वळवाचा पाऊस चांगला झाला असेल तर ठिबक बंदच ठेवावा. तुटक्या मुळांना हवा हवी असते आणि चिखलात ती सडतात. वाफसा येईपर्यंत थांबणं हे इथेही लागू आहे.

आडवं पडलेलं रोप सरळ करावं का? पडल्यानंतरच्या काही तासांत, खोड अजून लवचीक असताना, हळूच उभं करून मातीची भर देता येते. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेंडा आपोआप वर वळलेला असतो आणि खोडाने आडव्या स्थितीशी जुळवून घेतलेलं असतं. त्यावेळी ओढून काठीला बांधणं म्हणजे वाऱ्याने न मोडलेलं आपण मोडणं. अशा रोपाचं आडवं खोड तसंच राहू द्यावं, त्याच्यावर माती ओढावी, वर वळलेला शेंडा मोकळा ठेवावा. पडलेल्या भागाला मुळं फुटतात आणि पंधरवड्यात ते रोप शेजारच्यांच्या बरोबरीने उभं असतं. ओळ वाकडी दिसते, एवढाच तोटा.

आधार द्यायचाच तर छोटा आणि सैल द्यावा. आपल्याकडे टोमॅटोची बांधणी बांबू, कारवीच्या काठ्या, तार आणि सुतळीने होते, पण ती लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी. मधल्या काळात रोप उघड्यावर असतं. वाऱ्याच्या पट्ट्यात वीतभर कारवीचा तुकडा आणि सुतळीची सैल आठाच्या आकाराची गाठ पुरते. घट्ट बांधलेलं खोड गाठीच्या वरच मोडतं, शिवाय अजिबात न हलणारं खोड जाडही होत नाही.

मोडलेल्या खोडाला खपच्या लावून चिकटपट्टी गुंडाळण्याचा उपाय परसबागेत लोकप्रिय आहे. तो खोटा नाही. कलमी रोपं तयार करताना दोन खोडं क्लिपने जोडली जातात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ती जुळतात, तेच तत्त्व इथे आहे. पण त्याला अटी आहेत: भाग पूर्ण तुटलेला नसावा, जखम ताजी असावी, जोड हलू नये आणि काही दिवस सावली व दमट हवा मिळावी. कुंडीतल्या पाच रोपांसाठी हे जमतं. एकरात 5 फूट बाय दीड फूट अंतराने सुमारे 5,800 रोपं बसतात. तिथे खपच्या बांधण्याची मजुरी नव्या रोपांच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाईल. त्यापेक्षा पूर्ण तुटलेले निरोगी शेंडे फेकू नयेत. खालची पानं काढून ते ओलसर कोकोपीटमध्ये सावलीत खोचले तर आठवडा-दहा दिवसांत त्यांना मुळं फुटतात. संकरित वाणाचंही हे हुबेहूब तेच रोप असतं. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला ती कामी येतात. व्हायरसची शंका असलेल्या प्लॉटमधून मात्र असे शेंडे घेऊ नयेत, कारण रोगही हुबेहूब तोच येतो.

फवारणीबद्दल माझं मत बऱ्याच जणांना रुचणार नाही. वादळानंतर ह्युमिक ॲसिड, सागरी शेवाळाचा अर्क, अमिनो ॲसिड, 19:19:19 असं एका टाकीत कालवून मारण्याची पद्धत रूढ झाली आहे. पहाटे ताठ होणारं रोप याशिवायही उभं राहतं, आणि ज्याच्या रसवाहिन्या तुटल्या आहेत त्याला यातलं काही जोडू शकत नाही. या फवाऱ्यांचा सगळ्यात मोठा गुण हा, की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. जास्त नत्राने तर नुकसानच होतं: कोवळी लुसलुशीत वाढ पुढच्या झोतात पुन्हा मोडते आणि पांढरी माशी तिच्यावर आधी बसते. जखमा झाल्यावर, विशेषतः वाऱ्यापाठोपाठ पाऊस किंवा गारा असतील तर, ताम्रयुक्त बुरशीनाशकाच्या एका फवारणीला अर्थ आहे. मात्र ते पानावर राहून संरक्षण देतं. आत शिरलेला रोग हटवत नाही. म्हणून ते लवकर घ्यावं, लेबलवरच्या मात्रेत घ्यावं आणि भर उन्हात, मलूल रोपांवर घेऊ नये.

हातांच्या स्वच्छतेचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तो फवारणीपेक्षा मोठा आहे. टोमॅटोवरचे काही मोझॅक विषाणू स्पर्शाने पसरतात आणि तंबाखूचा मोझॅक विषाणू त्यांतलाच एक. वादळानंतर एकाच दिवसात हजारो ताज्या जखमा असलेल्या रोपांना माणसं हात लावतात. तंबाखू मळलेला हात साबणाने धुऊन मगच ओळीत उतरायचं, एवढी शिस्त फुकट आहे. मे 2020 मध्ये जुन्नर, संगमनेर, अकोले भागात टोमॅटोवर पडलेल्या रंगीत चट्ट्यांनी, लोकांनी ज्याला ‘तिरंगा’ म्हटलं, केवढी घबराट उडवली होती ते विसरायला नको. तो मुख्यतः माव्यातून पसरणाऱ्या विषाणूचा भाग होता, हाताचा नव्हे. पण विषाणू प्लॉटमध्ये शिरला की त्यावर औषध नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

आता हिशेब. तूट थोडी असेल तर नांग्या लगेच, आठवड्याच्या आत भराव्यात. उशिरा लावलेली रोपं मोठ्या रोपांच्या सावलीत खुरटतात आणि फवारणी, बांधणी, तोडणी सगळ्यांचंच वेळापत्रक बिघडवतात. निम्म्याहून अधिक रोपं बीजपत्रांखाली मोडली असतील आणि लागवड ताजी असेल, तर सरळ दुसरी लागवड करणं शहाणपणाचं; दोन वयाचा प्लॉट सांभाळणं त्याहून महाग पडतं. मधल्या अवस्थेत निर्णय बाजाराकडे बघून होतो आणि तो चुकतोही. जुलै 2023 मध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा ज्यांनी उन्हाळ्यात खुरटलेले प्लॉटही मोडले नव्हते ते फायद्यात राहिले. इतर बऱ्याच वर्षी याच बाजारात टोमॅटो रस्त्यावर ओतला गेला आहे. भावाच्या भरवशावर रोपं जगवायची की नाही हे ठरवू नये. आधीच घातलेला खर्च (मल्चिंग, ठिबक, बेसल डोस) बघून ठरवावं. आणि एक व्यवहाराची गोष्ट: नैसर्गिक आपत्तीत शासकीय मदतीसाठी किमान 33 टक्के नुकसान दिसावं लागतं. उपटण्याआधी फोटो काढा, पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायकांना कळवा.

खरं तर रोपं वाचतात की नाही हे बरंचसं रोपवाटिकेतच ठरलेलं असतं. दाट शेडनेटखाली, भरपूर पाणी आणि नत्रावर वाढवलेलं रोप उंच, हिरवंगार आणि देखणं दिसतं. गिऱ्हाईक तेच उचलतं. तेच शेतात आधी पडतं. 1973 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ मार्क जॅफी यांनी दाखवून दिलं की खोडांना रोज हलकं चोळलं तर बऱ्याच वनस्पती बुटक्या आणि जाड होतात. पुढे कॉर्नेल विद्यापीठात टोमॅटोच्या रोपांवरून रोज काठी किंवा नळी फिरवून हाच परिणाम व्यापारी रोपवाटिकांसाठी पडताळला गेला. जपानी शेतकरी गहू-सातूच्या कोवळ्या रोपांवरून पायाने तुडवत चालतात, तोही याच जातीचा उपाय. आपल्या रोपवाटिकांनी हे करून बघण्यासारखं आहे. ट्रेवरून रोज सकाळी, पानं कोरडी असताना, गुळगुळीत पीव्हीसी पाइप हलकेच काही वेळा फिरवायचा. रोग दिसला की थांबायचं. वाढ रोखणारी संजीवकं मारण्यापेक्षा हे स्वस्त आणि निर्धोक आहे. ते नसेल तर निदान शेवटचा आठवडाभर पाणी थोडं कमी करून, नेट बाजूला सारून रोपं काटक करणं तरी व्हायला हवं.

वारा अडवण्याच्या बाबतीत लोकांची समजूत उलटी आहे. पत्र्याची किंवा भिंतीची आडकाठी वारा थांबवत नाही, तो वर उचलते आणि पलीकडे भोवऱ्यासारखा खाली आपटते. जवळपास निम्मी जागा मोकळी असलेली, वाऱ्याला गाळून सोडणारी आड सगळ्यात चांगली. तिचा चांगला फायदा तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत मिळतो: सहा फुटी मक्याच्या दोन दाट ओळी पुढची साठेक फूट जमीन सांभाळतात. पण मका लागवडीच्या महिनाभर तरी आधी पेरलेला हवा. टोमॅटोबरोबर पेरलेला मका टोमॅटोएवढाच असतो आणि त्याचा उपयोग पुढे पांढरी माशी अडवण्यापुरता उरतो. शेवरीची कायमची बांधावरची ओळ याहून बरी. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही ते जुन्या साड्या बांबूंना ताणून बांधतात. त्यांना हसू नये. पातळ साडी वारा गाळून सोडते, म्हणून ती हिशेबात पत्र्यापेक्षा सरस आहे. नॉनवोव्हन क्रॉप कव्हरही पहिल्या पंधरा-वीस दिवसांसाठी कामाचं, मात्र त्याच्या कडा मातीत नीट गाडलेल्या हव्यात, नाहीतर फडफडणारं कापडच रोपं झोडपून काढतं.

शहरातल्या गच्चीवर प्रश्न थोडा निराळा. तिथे वारा इमारतीच्या कोपऱ्यावरून वेगाने वळतो, म्हणून कुंड्या कठड्याच्या कोपऱ्यापासून दूर, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात आणि उंच पण हलक्या कुंड्या टाळाव्यात. बाकी माती, भर आणि पहाटेची परीक्षा सारखीच.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी ट्रे मागवताना शेकडा पाच ते दहा रोपं जास्त मागवा आणि ती बांधावर सावलीत सांभाळून ठेवा. आणि वादळानंतर टॉनिकचा पंप पाठीवर घेतलाच तर एक ओळ न फवारता सोडा. तिला फक्त माती आणि पाणी द्या, काठी रोवून खूण करा, आणि पंधरा दिवसांनी दोन्ही ओळींतली जिवंत रोपं मोजून मगच पुढची बाटली घ्यायची की नाही ते ठरवा.